वनरक्षकाचा वाटा

‘बाय, बाबा गेला...’ सुरेशचा फोन आला तेव्हा मी सालवडच्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. मी काही बोलणार तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, ‘बेस्तरवारी तारीख हाय त्याची. आता कोनी जायचा?’ माणूस जाऊन चार तास झाले नव्हते, अजून अंगणात पडलेला होता, आणि त्याच्या पुतण्याला पहिली धास्ती पडली ती कोर्टाच्या तारखेची! मला रडू यायला हवं होतं, पण आधी संताप आला. हातातली मेथी परातीत आपटून मी म्हणाले, ‘कुणी जायचं काय? आता बोलवा म्हणावं त्याला!’ सुरेशने घाबरून फोन ठेवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? सात वर्षं त्या घरात सण, लावणी, लग्न सगळं तारखा बघून ठरत होतं. एका सशासाठी.

जान्याबाबा म्हणजे बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत जो पाडा आहे तिथला शेतकरी. ‘शेतकरी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तो कसा हे पुढे कळेलच. पावसाच्या पाण्यावर थोडं भात, वरच्या उतारावर नाचणी, दिवाळीनंतर वीटभट्टीची बोलावणी आली तर तिकडे. मी कऱ्हाडकडची. नवरा इथल्या कारखान्यात, आणि मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे गुरांना लसी टोचणारी, शेळ्यांची बाळंतपणं करणारी बाई. पाड्यांवर मला ‘डाक्टरीन बाय’ म्हणत. मी डॉक्टर नाही हे मी पहिली दोन वर्षं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आमची ओळख झाली ती कुत्र्यामुळे. तारेच्या कुंपणात शिरून पोटाशी फाटलेलं एक तांबूस कुत्रं दोन माणसांनी झोळीत घालून आणलं होतं. मी टाके घालत असताना जान्याबाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्याशी असं बोलत होता की मला वाटलं घरातलं पोरगंच आहे. नाव विचारलं तर म्हणाला, ‘मुकादम.’ मी म्हटलं, हे काय नाव? ‘समद्यांच्या पुढं चालतो, भुंकतो जास्ती, नि काम दुसऱ्याकडून करवून घेतो,’ बाबा म्हणाला आणि त्याच्याबरोबरचा माणूस इतका हसला की टाका चुकला. दहा दिवसांनी टाके काढायला मीच पाड्यावर गेले. मुकादम मला बघून झोपडीमागे पळाला. बाबा म्हणाला, ‘भट्टीवरचा मुकादम पन असाच पळतो.’

वाट्याचं प्रकरण मला कळलं ते त्याच हिवाळ्यात. लसीकरण आटोपून दुपारी स्कूटरवरून डोंगर उतरत होते. समोरून जान्याबाबा आणि तिघेजण येत होते, पुढे मुकादम, बाबाच्या कामठ्याला, म्हणजे धनुष्याला, मागच्या पायांनी अडकवलेला एक ससा. मी वाट सोडून बाजूला झाले, तर बाबाने हात वर करून हाक मारली, ‘बाय, थांब! तुजा वाटा घेऊन जा.’ मी म्हटलं, आमचं घर माळकरी, मी खात नाही. तो खाली बसला सुद्धा होता. पळसाचं पान तोडून त्यावर मागच्या फऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, ‘खाऊ नको. पन घे.’ का घ्यायचं? तर त्यांच्या पाड्याची रीत अशी की शिकार अंगणात उतरण्याआधी वाटेवर जो भेटेल, ज्याच्या नजरेला ती पडेल, त्याचा तिच्यात वाटा असतो. तो जातीचा असो, परका असो, भांडणातला असो. मागावा लागत नाही, शिकाऱ्यानेच हाक मारून द्यायचा. बघितलं आणि दिलं नाही तर बघणाऱ्याच्या पोटात दुखतं आणि शिकाऱ्याचा हात पुढे चालत नाही. मी तो वाटा लसीच्या बर्फाच्या पेटीत घालून घरी आणला आणि शेजारणीला दिला. आमच्या घरात त्यावरून जो गहजब झाला तो इथे सांगत नाही. नवऱ्याने पेटी अंगणात ठेवून तीनदा धुतली एवढं पुरे.

त्यानंतर मी त्याला पुष्कळदा या गोष्टीवरून छेडलं, म्हणून त्याचे नियम मला माहीत झाले. भात कापून झालं की शेताच्या बांधाला ससे येतात, शिकार करायची ती तेवढ्या दिवसांत आणि तीही उजेडी. पाण्यावर आलेलं जनावर मारायचं नाही, ‘तहानलेल्याला कोन मारील?’ पिलाची मादी दिसली की कुत्रं मागे ओढायचं. कुत्र्याचा वाटा माणसाच्या आधी. एका दिवसात एक मिळाला की परत फिरायचं, दुसरा समोर बसलेला असला तरी. कित्येकदा हात हलवत परत येत, आणि त्या दिवशी कुत्र्यांना भाकरी जास्त मिळे, कारण ‘ती तर धावली ना.’ मी जनावरांत आयुष्य काढलेली बाई आहे. मारणं मला आवडतं असं कुणी समजू नये. पण जनावराशी इतक्या अदबीने वागणारी माणसं मी खात्यात सुद्धा फारशी पाहिली नाहीत.

आणि असा हा माणूस पकडला गेला तो या अदबीपायीच.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातली सकाळ. बाबा, सुरेश आणि आणखी दोघे टेकडीवरून ससा घेऊन उतरत होते. खाली मोरीपाशी मोटारसायकल लावून एक वनरक्षक उभा होता. नवा होता, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. खाकी कपडे दिसताच बाकीचे तिघे करवंदीच्या जाळीत शिरू लागले. सुरेशने बाबाचा हात धरून ओढला, ‘काका, चल, फारेस्टवाला हाय.’ बाबा म्हणाला, ‘त्यानं बगितला ना रं,’ आणि हात सोडवून सरळ वाटेने खाली उतरत त्याने हाक मारली, ‘ओ दादा, थांब! तुजा वाटा घेऊन जा!’

सुरेशने हे मला जाळीतून बघितलेलं सांगितलं आहे, म्हणून मी लिहू शकते. वनरक्षक आधी हसला. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि फोटो काढू का म्हणून विचारलं. बाबा चांगला ताठ उभा राहिला, कामठा खांद्याला, ससा हातात उंच धरलेला. फोटो काढून झाल्यावर तो पान तोडायला वाकला तर वनरक्षक म्हणाला, ‘इथं नको, ऑफिसला चला.’ बाबाला वाटलं, तिथे आणखी माणसं असतील, तिथेच शिजवायचा बेत दिसतो. वाटेत त्याने विचारलं म्हणे, ‘मिरची हाय का तितं?’ तीन मैल तो आपल्या पायांनी, आपला ससा आपल्या हातात घेऊन चालत गेला. वाटा द्यायला!

वनरक्षकाने त्याचं काम केलं, हे मला मान्य आहे. ससा मारायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असू नये असं मी म्हणत नाही. पण कागद वाचला तेव्हा माझं डोकं फिरलं. ‘जंगलात लपतछपत वावरत असताना सापळा रचून पकडले.’ कुठला सापळा? कोण लपलं? पोटात काही ठेवून बोलणं ज्याला आयुष्यात जमलं नाही, ताकाला जाऊन भांडं लपवणं ज्याच्या पिढ्यांत नव्हतं, तो लपतछपत! आणि त्याखाली, नाव, वय, आणि ‘धंदा : शिकार’. सोबतचा फोटो एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला, ‘सराईत शिकारी जेरबंद’ या मथळ्याखाली. सराईत म्हणजे काय, तर बाबा हसत होता! आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला तो मोबाईलवर पाठवला आणि लिहिलं, ‘कसे निर्दयी लोक असतात.’ त्यांच्या घरातून त्या वेळी कोंबडीच्या रश्श्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. मी उत्तर लिहिलं आणि पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. ते तेव्हाच पाठवायला हवं होतं.

तो जामिनावर सुटून आला त्या दिवशी मी पाड्यावर गेले आणि आधी त्यालाच फैलावर घेतलं. ‘तुम्हाला अक्कल आहे का? वनखात्याच्या माणसाला हाक मारता?’ तो खाटेवर बसून मुकादमच्या अंगावरची गोचीड काढत होता. म्हणाला, ‘त्यानं बगितला व्हता ना बाय. मंग? वाटा नको द्यायचा?’ त्याच्या डोळ्यांत खरोखरच प्रश्न होता. मग मी शहाणपणा शिकवला. आज आठवलं की लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मी म्हटलं, कोर्टात सांगा, मी नाही मारला, कुत्र्याने आपणहून धरला, मी नुसता उचलला. मोफत मिळालेल्या वकिलांनाही ते पसंत पडलं होतं. बाबाने गोचीड काढायची थांबवली. ‘मुकादमाच्या अंगावर घालू?’ तो म्हणाला. ‘तो तर तवा माज्या माघारी व्हता. बाय, तू असा कसा बोलतेस...’ त्याची बायको आयतीबाय चुलीपाशी होती, तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चहा न घेताच उठले.

मग वकिलांनी दुसरा मार्ग काढला. गुन्हा कबूल करा, म्हातारे आहात, पहिलाच आहे, सुटून जाल. बाबा कबूल करायला एका पायावर तयार होता. ससा मारलाच होता! न्यायाधीशांनी वाचून दाखवून विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे का?’ मी त्या दिवशी रजा टाकून मागच्या बाकावर बसले होते. बाबा हात जोडून म्हणाला, ‘मारला. पन लपवला नाय. मीच हाक मारली त्याला.’ वकिलांनी मागून खुणावलं, तेवढं पुढचं बोलू नका. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ‘मारला, पन लपवला नाय.’ कबुलीला असं शेपूट लावता येत नाही म्हणतात. शेवटी कागदावर लिहिलं गेलं, ‘गुन्हा कबूल नाही’. झालं! ‘मारला’ या एका शब्दावर थांबला असता तर तो त्या दिवशी संध्याकाळी घरी भात खात होता. पुढच्या तीन शब्दांसाठी त्याने सात वर्षं खेटे घातले. मी एकदा चिडून म्हटलं, ‘बाबा, सोडा ना तो हट्ट. काय फरक पडतो?’ तर म्हणाला, ‘मी चोर नाय ना बाय. चोर कदी हाक मारतो?’ त्याचं एवढंच मागणं होतं. ते एक वाक्य कुणीतरी लिहून घ्यावं.

तारखा पडत राहिल्या. साहेब रजेवर, साक्षीदाराची बदली, फाईल दुसरीकडे. बदलून गेलेला तो वनरक्षक साक्षीला कधी आलाच नाही. बाबा मात्र एकही तारीख चुकला नाही, लावणीच्या दिवसांत सुद्धा. कोर्टात धुतलेला सदरा घालून यायचा आणि नाव पुकारलं की शाळेतल्यासारखा ‘हाजर’ म्हणायचा. एका तारखेनंतर मी त्याला कोळगावला जिल्ह्याच्या नव्या इमारती दाखवायला नेलं. इतक्या मोठ्या इमारती बघून तो चकित होईल असं मला वाटलं होतं, पण त्याचं लक्ष खाली हिरवळीकडे. कडेला उकिडवा बसला, गवत दोन बोटांनी बाजूला केलं आणि मला खूण करून बोलावलं. गोल गोल लेंड्या पडल्या होत्या. ‘ससा हाय इतं!’ इतक्या दिवसांनी त्याचा चेहरा असा फुलला. मग हळूच इकडे तिकडे बघून म्हणाला, ‘ह्यो सरकारी. ह्याला कोन हात लावील?’ आणि आम्ही दोघं हसत बसलो.

आणि जिथे तो ससा मारला ती टेकडी? पंचनाम्यात तिच्या चतुःसीमा लिहिल्या आहेत, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, मध्ये सागाचं झाड. खटला चालू असतानाच ती टेकडी मुरुमासाठी खणली गेली. वर्षभर डंपर चालले. करवंदीच्या जाळ्या गेल्या, साग गेला, ससे कुठे गेले असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. आज तिथे खड्डा आहे आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. एक ससा मेला त्याचा पंचनामा झाला, त्याचं वजन लिहिलं, लांबी लिहिली, आणि सशांचं अख्खं घर ट्रकमध्ये भरून गेलं तेव्हा कुणाला कागद सापडला नाही. अशा कामांचा नारळ फोडताना मात्र सगळे हसतमुखाने उभे असतात, फोटोसुद्धा निघतात. मग सराईत कोण?

पण दुसऱ्यांवर तोंड सोडणं सोपं असतं. एक गोष्ट मी सात वर्षं कुणाला सांगितली नाही. पाड्याची ही रीत कोर्टात सांगू शकेल असं बाहेरचं, लिहितं-वाचतं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी. मी उभी राहून म्हटलं असतं, ‘साहेब, हा माणूस वाटेवर भेटेल त्याला हाक मारतो, मलाही मारली होती,’ तर त्याच्या वाक्याला आधार मिळाला असता. वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलंही होतं. आणि लगेच समजावलंही होतं, ‘मॅडम, वाटा घेतला म्हणालात तर तुम्हीही गुन्ह्यात येता. सरकारी नोकरी आहे तुमची.’ मी घरी जाऊन विचार करते म्हणाले. तो विचार मी सेवानिवृत्त होईपर्यंत करत राहिले. बाबाने मला एकदाही विचारलं नाही, टोमणासुद्धा मारला नाही. तो भेटला की कुत्र्यांची खुशाली सांगायचा. गेल्या चैत्रात मी निवृत्त झाले, नंतर पाड्यावर जाऊन म्हणाले, ‘बाबा, पुढच्या तारखेला मी सांगते.’ तो तेव्हा खोकत होता. म्हणाला, ‘सांग. तू सांगितलास तर लिवतील.’ ती पुढची तारीख म्हणजे सुरेश फोनवर म्हणाला तो गुरुवार.

गुरुवारी मी आयतीबायबरोबर गेले. तिच्या हातात मृत्यूचा दाखला, घडी घालून पदराला बांधलेला. नाव पुकारलं गेलं तशी ती माणसांतून वाट काढत पुढे गेली आणि म्हणाली, ‘हाजर हाय.’ दोघे-तिघे हसले. दाखला घेतला गेला, काहीतरी लिहिलं गेलं, खटला संपला. मी उठून म्हणाले, ‘मला सांगायचं आहे.’ न्यायाधीश तरुण होत्या, सौजन्याने वागल्या. म्हणाल्या, ‘ताई, आता प्रकरण राहिलेलंच नाही.’ आयतीबायने विचारलं, जप्त केलेला कामठा कधी मिळेल? तिला सांगण्यात आलं, अर्ज करा. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. मीही बसले. लिहून घेणारं कुणी उरलं नाही म्हणून मी इथे लिहिते आहे... जान्याबाबाने वनरक्षकाला आपणहून हाक मारली. त्याने मलाही मारली होती आणि मी वाटा घेतला होता. त्याचा धंदा शेती होता.

बाराव्याला पाड्यावर गेले होते. जेवणं झाल्यावर मी एकटीच पायवाटेने खाली उतरत होते. वळणावर समोरून सुरेश आणि एकजण आले, बरोबर दोन कुत्री. सुरेशच्या खांद्यावर खताची जुनी गोण, तळाशी काहीतरी जड. मला बघून दोघांचे पाय जागीच थांबले. मग सुरेशने गोण पाठीमागे घेतली, मान खाली घातली आणि वाट सोडून कडेच्या गवतातून जाऊ लागला. मला काय झालं कोण जाणे. मी मोठ्याने ओरडले, ‘अरे सुरेश, माझा वाटा?’

तो दचकून वळला. इतका घाबरलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. बाबाला नेलं त्या दिवसांतही नाही.

‘लाकडा हायत, बाय,’ तो म्हणाला. ‘लाकडाच हायत.’

आणि त्याच्यामागून चालणारं कुत्रं गोणीच्या तळाला जीभ लावत लावत निघून गेलं.